आळीमिळी गुपचिळीच्या गावातला हेर: उत्तर आयर्लंडमधील रहस्यकथांविषयी एक शंका

सांजवारा

गेले दोन महिने मी एड्रियन मॅकिन्टी यांची शॉन डफी या पोलीस अधिकाऱ्यावरची कादंबरीमालिका वाचत आहे. पहिली कादंबरी, ‘द कोल्ड कोल्ड ग्राउंड’, १९८१ च्या वसंतात बेलफास्टजवळच्या कॅरिकफर्गस या गावात घडते. मेझ तुरुंगात प्रजासत्ताकवादी (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून उरलेल्या आयर्लंडला जोडू पाहणाऱ्या, बहुतेक कॅथलिक) कैद्यांचे उपोषण चालू आहे, बॉबी सँड्स सहासष्ट दिवसांच्या उपोषणानंतर ५ मे रोजी मरण पावतो, त्याच्यामागून आणखी नऊ जण जातात, आणि बाहेर दंगली उसळलेल्या असताना डफी एका खुनाचा तपास करत असतो. डफी स्वतः कॅथलिक आहे आणि ज्या रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीत, म्हणजे तिथल्या पोलीस दलात, तो नोकरी करतो, ते दल जवळजवळ सगळे प्रॉटेस्टंट आहे.

कादंबरी आवडली, पण वाचताना काही शंका डोक्यातून जात नाहीत, म्हणून हा धागा काढत आहे.

रहस्यकथेला मुळात शांतता लागते, अशी माझी समजूत आहे. एरवी सुरळीत चाललेल्या घरात किंवा गावात एक प्रेत सापडते, सगळे हादरतात, हेर येतो, गुन्हेगार शोधतो आणि घडी पुन्हा बसते. जिथे घडीच मोडलेली आहे, तिथे एका खुनाचे कोणाला काय वाटणार? उत्तर आयर्लंडची लोकसंख्या तेव्हा साधारण पंधरा लाख होती आणि एकट्या १९७२ मध्ये तिथे पाचशेच्या आसपास माणसे मारली गेली. अशा ठिकाणी ‘खून कोणी केला’ हा प्रश्न वाचकाने इतक्या उत्सुकतेने का विचारावा?

दुसरी शंका हेराविषयीची आहे. आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पोलिसांच्या दोन पावले पुढे असे, पण पोलीस कोणाच्या बाजूचे आहेत हा प्रश्न कधी मनात आला नाही. इथे मात्र निम्मे गाव पोलिसाला दारात उभे करत नाही. मग तपास पुढे सरकतो कसा?

तिसरी अडचण अगदी साधी आहे. पात्राचे नुसते नाव किंवा राहण्याचा रस्ता सांगितला की बाकीच्या सगळ्यांना त्याची बाजू कळते. मला एकट्यालाच कळत नाही. कोणी जाणकार असल्यास कृपया खुलासा करावा.

लॅगनकाठी

मी गेली अकरा वर्षे बेलफास्टमध्ये राहते, त्यामुळे तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करते.

इथे माणसाचा धर्म सहसा कोणी थेट विचारत नाही. शाळा कोणती, हे विचारतात. शाळांची विभागणी अजूनही बरीचशी धर्मावर आहे, त्यामुळे शाळेचे नाव कळले की बाकीचे आपोआप कळते. शॉन, शेमस, पॅट्रिक ही नावे कॅथलिक बाजूची, तर बिली हे नाव बहुधा प्रॉटेस्टंट बाजूचे. एकच शहर कोणी ‘डेरी’ म्हणतो आणि कोणी ‘लंडनडेरी’, आणि तेवढ्या एका शब्दात बोलणाऱ्याचे घराणे कळते. इंग्रजी वर्णमालेतील आठव्या अक्षराला कॅथलिक लोक ‘हेच’ म्हणतात आणि प्रॉटेस्टंट ‘एच’. आणि तो ‘दुसऱ्या पायाने खणतो’ असे कोणी म्हणाले, तर तो आपल्यातला नाही एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याला हे फार परके वाटण्याचे कारण नाही. गाडीत शेजारी बसलेला गृहस्थ आधी आडनाव विचारतो, त्यावरून नीट उमगले नाही तर ‘मूळचे कुठले?’ म्हणतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर कुलदैवतावर येतो. त्याला काय जाणून घ्यायचे आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. फरक इतकाच की १९७० च्या दशकात बेलफास्टमध्ये रात्री दहा वाजता अनोळखी माणसांनी गाडी थांबवून नाव विचारले, तर उत्तरावर जीव अवलंबून असे.

आता दुसऱ्या शंकेकडे वळते. इथल्या बोलीत खबऱ्याला ‘टाउट’ म्हणतात, आणि याहून वाईट शिवी नाही. घरांच्या बाजूच्या भिंतींवर हा शब्द रंगवलेला असे. जीन मॅककॉनव्हिल ही दहा मुलांची विधवा आई होती. १९७२ च्या डिसेंबरमध्ये आयआरए या प्रजासत्ताकवाद्यांच्या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी तिला डिव्हिस फ्लॅट्समधील राहत्या घरातून मुलांच्या डोळ्यांदेखत नेले. ती ब्रिटिश सैन्याची खबरी होती, असा त्यांचा आरोप होता; पुढे २००६ मध्ये पोलीस लोकपालांनी चौकशी करून तसा कोणताही पुरावा नसल्याचे सांगितले. तिचे अवशेष सापडले ते २००३ मध्ये, सीमेपलीकडे आयर्लंड प्रजासत्ताकातील लाउथ परगण्यातल्या एका समुद्रकिनाऱ्यावर. मुलांची ताटातूट झाली. तिला कोणी नेले हे आजूबाजूच्या अनेकांना ठाऊक होते, मुलांनाही त्यातले काही चेहरे ओळखीचे वाटले होते, आणि तरीही तीस वर्षे सगळे आळीमिळी गुपचिळी.

मला वाटते, या कादंबऱ्यांची खरी किल्ली इथेच आहे. शहरी रहस्यकथेत गुन्हेगार कोण हे कोणालाच ठाऊक नसते आणि हेराला ते शोधायचे असते. इथे ते अर्ध्या आळीला ठाऊक असते. तोंड कोण उघडेल, कशासाठी उघडेल, आणि उघडल्यावर तो कुठे राहील, हे हेराला शोधायचे असते. सत्य दडलेले नसते. त्याची किंमत मात्र ठरलेली असते.

तपासी अंमलदार

मी महाराष्ट्र पोलिसांत तीस वर्षे काढून निवृत्त झालो. उत्तर आयर्लंडला कधी गेलेलो नाही. परंतु तिथल्या पोलिसी कामाविषयी बरेच वाचले आहे, त्यामुळे ‘तपास पुढे सरकतो कसा’ या प्रश्नावर माझ्या परीने लिहितो.

आमच्याकडे प्रेत सापडल्याची वर्दी आली की पहिला नियम असतो तो घटनास्थळी तातडीने पोहोचण्याचा आणि जागा राखण्याचा. तिथे नेमका याच नियमाचा सापळा होत असे. वर्दी खोटी असू शकते, प्रेताखाली स्फोटक पेरलेले असू शकते, समोरच्या शेताडीत बंदूकधारी बसलेला असू शकतो. म्हणून, विशेषतः सीमेलगतच्या भागात, आधी सैन्याने परिसर तपासायचा आणि मग तपास पथकाने पुढे जायचे, अशी पद्धत होती. त्यात कित्येक तास जात. तेवढ्या वेळात पाऊस पडतो, ठसे जातात, प्रेताचे तापमान उतरते आणि मृत्यूची वेळ ठरवणे अवघड होते. कादंबरीतला हेर घटनास्थळी उशिरा पोहोचलेला दिसला, तर तो आळशी आहे असे समजू नये. त्या संघर्षात सुमारे तीनशे पोलीस मारले गेले, हेही लक्षात ठेवावे.

न्यायालयाची गोष्टही वेगळी. साक्षीदारांना आणि ज्यूरींना धमकावले जाते, म्हणून १९७३ पासून दहशतवादाशी संबंधित गुन्ह्यांचे खटले ज्यूरीविना, एकट्या न्यायाधीशासमोर चालू लागले. त्यांना डिप्लॉक न्यायालये म्हणत. साक्षीदार नाही म्हटल्यावर सगळा भार कबुलीजबाबावर आला, आणि तसा भार आला की कोठडीत काय होते हे या खात्यात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. कॅसलरे येथील चौकशी केंद्राविषयी इतक्या तक्रारी झाल्या की १९७९ मध्ये बेनेट समितीने अहवाल दिला. काही कैद्यांच्या अंगावरच्या जखमा त्यांनी स्वतः करून घेतलेल्या असू शकत नाहीत, असे वैद्यकीय पुराव्यावरून त्यात नमूद आहे.

तरीही साधा, चिकाटीचा तपास होत होता, आणि त्याचे एक उदाहरण मला कोणत्याही कादंबरीहून मोठे वाटते. १९७५ च्या अखेरीपासून बेलफास्टच्या शँकिल रोड या प्रॉटेस्टंट वस्तीतील एक टोळी रात्री एकट्या सापडलेल्या कॅथलिक माणसांना उचलून नेत असे आणि सुऱ्यांनी मारत असे. लोक त्यांना शँकिलचे खाटीक म्हणत. टेनंट स्ट्रीट ठाण्याचे जिमी नेस्बिट यांच्याकडे तपास होता, पण कोणी बोलायला तयार नव्हते. १९७७ च्या मे महिन्यात टोळीच्या तावडीत सापडलेला एक जण, मनगटे कापून गल्लीत टाकून दिलेला असतानाही, वाचला. काही दिवसांनी नेस्बिट यांच्या माणसांनी त्याला पोलिसांच्या गाडीत बसवून त्याच शँकिल रस्त्यावरून हळूहळू फिरवले. काचेतून बाहेर पाहता पाहता त्याने फुटपाथवरच्या दोघांना ओळखले. तिथून धागा सुटत गेला आणि १९७९ च्या फेब्रुवारीत अकरा जणांना शिक्षा झाली.

आता यातली खरी मेख पाहा. टोळीचा म्होरक्या लेनी मर्फी याच्यावर मात्र त्या खुनांचा आरोप सिद्ध करता आला नाही, कारण त्याच्या साथीदारांनी त्याचे नाव घेऊन साक्ष दिली नाही. तो दुसऱ्या गुन्ह्यात तुरुंगात होता. १९८२ मध्ये सुटला आणि चार महिन्यांच्या आत आयआरएने त्याला गोळ्या घातल्या. तो कधी कुठे सापडेल याची माहिती त्याच्याच बाजूच्या कोणीतरी पुरवली, असे तिथे सर्रास मानले जाते. म्हणजे कोर्टात जे तोंड उघडले नाही, ते दुसरीकडे उघडले.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. गाव आणि वर्ष सांगणार नाही. दंगलीतील एका खुनाचा माझा मुख्य साक्षीदार किराणा दुकानदार होता. त्याने शटरच्या फटीतून सगळे पाहिले होते. कोणाच्या हातात काय होते, कोणी कोणाला हाक मारली, इथपर्यंत त्याने मला सांगितले आणि मी तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६१ खाली (पोलिसांसमोरचा) जबाब लिहून घेतला. त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, आणि कोर्टात त्याला फारसे वजन नसते. दंडाधिकाऱ्यांसमोर कलम १६४ खाली जबाब देण्यास तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. खटला उभा राहीपर्यंत सहा वर्षे गेली. साक्षीच्या दिवशी तो पिंजऱ्यात उभा राहिला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘साहेब, त्या वेळी दिवे गेले होते.’ घटना दुपारी साडेतीनची होती. सरकारी वकिलांनी त्याला फितूर घोषित केले. बाहेर आल्यावर मी काही विचारण्याआधी तो म्हणाला, ‘मला तिथंच दुकान चालवायचंय.’ मला त्याचा राग आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल; परंतु त्याला उत्तरही देता आले नाही.

आणखी एक गोष्ट. या मालिकेत डफीला सर्वांत जास्त अडवतात ते गुन्हेगार नव्हेत, त्याच्याच दलातील गुप्तवार्ता विभागाची आणि लंडनच्या हेरखात्याची माणसे. हे लेखकाच्या मनचे नाही. सशस्त्र संघटनांत पेरलेला आपला माणूस वाचवण्यासाठी त्याच्या गुन्ह्यांकडे काणाडोळा केला गेल्याचे पुढे अधिकृत चौकशांतून बाहेर आले. जॉन स्टीव्हन्स या ब्रिटिश पोलीस अधिकाऱ्याने केलेल्या चौकशा १९८९ पासून २००३ पर्यंत चालल्या. आयआरएच्या अंतर्गत सुरक्षा गटातच असलेल्या ‘स्टेकनाइफ’ या खबऱ्याविषयीची चौकशी २०१६ मध्ये सुरू झाली. फितूर शोधून मारणाऱ्या गटातच सरकारचा माणूस बसलेला होता. कथालेखकाने असे रचले असते तर संपादकाने ‘फार ताणले आहे’ म्हणून परत पाठवले असते.

पुस्तकअळी

सांजवारा यांच्या पहिल्या शंकेला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून मी घालतो.

रोज माणसे मरत असतात तेव्हा खून महत्त्वाचा राहत नाही, हे मला पटत नाही. उलट, अशा काळात खून लपवणे फार सोपे होते, आणि रहस्यकथेला याहून सुपीक जमीन कुठली? शेजाऱ्याशी जमिनीचा वाद आहे, मेहुण्याचे कर्ज आहे, बायकोचे कोणाशी सूत आहे. एरवी संशय थेट तुमच्यावर येईल. पण शहर पेटलेले असताना गोळी कोणाची हे कोण विचारतो? डफीच्या पहिल्याच तपासात हा प्रश्न आहे. समलिंगी पुरुषांचे खून होत आहेत असे दिसते, समलिंगी संबंध उत्तर आयर्लंडमध्ये १९८२ पर्यंत गुन्हाच होते, आणि हे खून राजकीय की खाजगी, हे ठरवण्यातच अर्धी कादंबरी जाते. पुढचे सांगत नाही.

मालिकेतली तिसरी कादंबरी, ‘इन द मॉर्निंग आय विल बी गॉन’, आपण अजून वाचली नसेल तर जरूर वाचा. १९८३ च्या सप्टेंबरमध्ये मेझ तुरुंगातून अडतीस कैदी पळाले, ही खरी घटना. त्यातल्या एका काल्पनिक कैद्याचा ठावठिकाणा डफीला हवा आहे. तो ज्या बाईला ठाऊक असण्याची शक्यता आहे, तिची अट अशी की, माझ्या मुलीचा मृत्यू कसा झाला ते आधी शोधून दे. आणि मुलगी मेली आहे ती आतून कड्या घातलेल्या दारूच्या गुत्त्यात! म्हणजे बंद खोलीतील खुनाचा जुना, जवळजवळ बाळबोध खेळ लेखकाने यादवीच्या मधोमध नेऊन ठेवला आहे. सरकारला फरारी कैदी हवा आहे; आईला फक्त मुलीचे काय झाले ते हवे आहे. लॅगनकाठी ज्याला सत्याची किंमत म्हणतात, ती इथे चक्क सौद्याच्या रूपात येते.

आणि हे काही फक्त आयरिश लोकांनाच सुचले असे नाही. शरदिंदु बंद्योपाध्याय यांची ‘आदिम रिपु’ ही ब्योमकेश या बंगाली हेराची कथा १९४६ च्या कलकत्त्यात सुरू होते. शहरात हिंदू-मुसलमान दंगली चालू आहेत, आणि त्या गोंधळात एका काळाबाजारवाल्याचा खून होतो. कथा संपते ती १९४७ च्या ऑगस्टपाशी, आणि ब्योमकेश गुन्हेगाराचे जे करतो, ते दूरदर्शनवर १९९३ साली मालिका पाहणाऱ्यांपैकी अनेकांना अजून आठवत असेल. अबीर मुखर्जी यांची ‘द शॅडोज ऑफ मेन’ १९२३ च्या कलकत्त्यातली. तिचा माग मुंबईपर्यंत येतो. वसीम खान यांची ‘मिडनाइट अॅट मलबार हाउस’ तर सुरूच होते १९४९ च्या वर्षअखेरीच्या रात्री मुंबईत, आणि पारशी इन्स्पेक्टर पर्सिस वाडिया जो खून उकलते, त्याची मुळे फाळणीत आहेत. हेराला पारशी केल्यामुळे दोन्ही बाजूंची माणसे तिच्याशी बोलू शकतात, ही लेखकाची युक्ती मला चतुर वाटली. पण थोडी सोयीचीही वाटली. डफीला ती सोय नाही. स्वतःच्या लोकांना तो फितूर वाटतो आणि सहकाऱ्यांना घरभेदी.

उत्तरा

सगळे प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु एक आक्षेप नोंदवते. यातले बरेच मृत्यू खरे आहेत आणि मेलेल्यांची मुले अजून हयात आहेत. शँकिलच्या खुनांवर बेतलेली कादंबरीही १९९४ मध्ये आली. ज्या घरात अजून न्याय मिळालेला नाही, त्या घराच्या दुःखावर संध्याकाळची करमणूक उभी करावी का? आपल्या शहरातल्या दंगलीवर कोणी असे चटकदार लिहिले, तर आपण एवढ्याच कौतुकाने वाचू का?

लॅगनकाठी

उत्तराताई, हा प्रश्न इथेही विचारला जातो, आणि माझ्या शेजारच्या एक वृद्ध बाई अशी पुस्तके घरात आणू देत नाहीत. त्यांचा भाऊ १९७४ मध्ये गेला. मी त्यांना कधी समजावण्याच्या भानगडीत पडले नाही.

तरी एक सांगावेसे वाटते. १९९८ च्या शांतता करारानंतर उत्तर आयर्लंडमध्ये शांतता आली, पण साडेतीन हजारांहून अधिक मृत्यूंपैकी फार मोठ्या संख्येच्या मृत्यूंबाबत कोणालाही शिक्षा झालेली नाही. जुन्या प्रकरणांचा आढावा घेण्यासाठी २००५ मध्ये पोलिसांचे एक स्वतंत्र पथक नेमले होते, तेही २०१४ मध्ये बंद झाले. अशा ठिकाणी शेवटच्या पानावर गुन्हेगाराचे नाव सांगणारी कादंबरी लोक का वाचतात, हे मला समजू शकते. मॅकिन्टी स्वतः कॅरिकफर्गसमध्येच वाढले आहेत, आणि डफी ज्या कॉरोनेशन रोडवर राहतो तो रस्ता खरा आहे. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या पुस्तकांत जी चटक येते, ती यांच्यात मला कमी दिसली. पूर्ण नाही असे म्हणत नाही.

सांजवारा

सर्वांचे मनापासून आभार. पहिली कादंबरी आता पुन्हा वाचायला घेतली आहे, आणि या वेळी शाळा आणि रस्ते यांची नावे पेन्सिलीने अधोरेखित करत आहे. अंमलदार साहेबांचा दुकानदार डोक्यातून जात नाही. पुस्तकातल्या प्रत्येक ‘मी काही पाहिले नाही’ या वाक्यामागे आता तोच उभा राहतो. उत्तराताईंच्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो मनात ठेवूनच वाचत आहे.

एक शेवटची बारीक शंका. डफी रोज सकाळी गाडीत बसण्याआधी गुडघ्यावर बसून गाडीखाली वाकून पाहतो. प्रत्येक पुस्तकात, जवळजवळ प्रत्येक सकाळी. हे कशासाठी, आणि लेखक ते दर वेळी का लिहितो?

तपासी अंमलदार

पाऱ्याच्या कळीसाठी. गाडीखाली लोहचुंबकाने बॉम्ब चिकटवत आणि त्यात पाऱ्याची नळी असे. गाडी चढावर किंवा उतारावर कलली की पारा सरकतो, दोन टोके जोडली जातात आणि स्फोट होतो. त्यामुळे बॉम्ब दारात उभ्या गाडीखाली न फुटता पहिल्या चढाला फुटे, कधी कधी मुले शेजारी बसलेली असतानाही. तिथले पोलीस हे वाकणे निवृत्तीनंतरही सोडू शकले नाहीत, असे वाचले आहे. आता दर वेळी का लिहिले आहे, ते आपण पुस्तकातच पाहावे. एखाद्या सकाळी डफी घाईत असतो आणि वाकायला विसरतो. ते पान आले की मग कळेल.